दगडी पाला

दगडी पाला, एकदांडी किंवा कंबरमोडी ही सूर्यफुलाच्या कुलातील, जमिनीलगत पसरणारी लहान ओषधी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स; ते लिनीअस यांनी 1753 मध्ये दिले. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती आता भारतभर तण म्हणून रुजली आहे. पाने समोरासमोर, केसाळ व दातेरी असतात. लांब दांड्यावर एकच फुलोरा येतो. मधली फुले पिवळी, कडेची पांढरट.

महाराष्ट्रातील खेड्यांत विळा किंवा खुरपे लागले की हा पाला चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळतात आणि चोथा वर दाबून धरतात. रक्त थांबण्यात या दाबाचा वाटा मोठा असतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. पानांत टॅनिने व फ्लॅव्होनॉइडे आहेत. टॅनिने प्रथिनांशी बांधली जाऊन ऊतक आकुंचित करतात. प्रयोगशाळेत अर्काने काही जिवाणूंची वाढ रोखली, प्राण्यांवरील प्रयोगांतही आशादायक निष्कर्ष मिळाले. माणसांवरील पुरावा मात्र तोकडा आहे.

खरा धोका पाल्याला चिकटलेल्या मातीचा. तिच्यात धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि पाला धुतल्याने तो निर्जंतुक होत नाही. म्हणून जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरणे अधिक सुरक्षित. जखम खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर दाब कायम ठेवून तातडीने दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या लशीबाबतही तेथेच विचारावे.