अवकाशाचा जमाखर्च आणि संरक्षणाचा जमाखर्च

युद्धांचा इतिहास आपण सहसा रणांगणावरून वाचतो. पानिपतावर कोण कोण पडले हे शाळेतला मुलगाही सांगेल. परंतु त्या फौजेचा खर्च कोणत्या खात्यातून आणि कोणत्या हिशेबाने होत होता, हे विचारणारा वाचक विरळा. आमच्या मते हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. फौज कोणाची, हे पुष्कळदा तिची थैली कोणाच्या हाती आहे यावरून ठरते. हाच प्रश्न आपण आज एका नव्या क्षेत्राला लावून पाहू. ते क्षेत्र म्हणजे अवकाश. उपग्रह व अग्निबाण यांचा लष्करी उपयोग आणि त्यासाठी सरकारने घातलेली कारभाराची घडी.

नंदुरबारच्या श्रोत्यांना हा विषय दूरचा वाटेल. पण तसा तो नाही. ज्या प्रकारचा कॅमेरा उकाईच्या जलाशयाचा विस्तार मोजतो किंवा सातपुड्यातील जंगल किती उरले ते दाखवतो, त्याच प्रकारचा कॅमेरा सीमेपलीकडे रातोरात उभ्या राहिलेल्या छावणीचे चित्र काढतो. यंत्र एकच, काम दोन. मग त्याचा खर्च कोणाच्या नावे मांडायचा?

पेशवाईने अशा प्रश्नाचे उत्तर सरंजामाने दिले होते. सरदाराला मुलूख लावून द्यायचा आणि त्याच्या वसुलातून त्याने ठराविक स्वार बाळगायचे. किती स्वार, कोणत्या दराने, हे तैनात जाबत्यात लिहिलेले असे. खजिन्यावर रोजचा भार पडत नसे, ही या पद्धतीची सोय. परंतु वसूल आणि फौज दोन्ही एकाच हाती गेल्यामुळे कागदावरचे स्वार प्रत्यक्षात किती उभे राहतात, हे पुण्याला कळणे कठीण होऊन बसले. हिशेब नाहीसा झाला की हुकमतही सैल होते, हा धडा आपल्याच इतिहासाने आपल्याला दिला आहे.

आता विसाव्या शतकाकडे वळू. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. तेथे सेनादलांची आपापली अग्निबाणांची कामे आधीच चालू होती. अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः सेनापती होते. तरीही १९५८ च्या जुलैत कायदा होऊन ‘नासा’ ही नागरी संस्था निर्माण झाली आणि लष्करी काम संरक्षण खात्याकडे राहिले. ही झाली उघडी बाजू. १९६१ साली हेरगिरीच्या उपग्रहांसाठी तेथे आणखी एक कार्यालय स्थापन झाले, त्याचे अस्तित्वच १९९२ पर्यंत सरकारने मान्य केले नव्हते. त्याचा पैसा इतर शीर्षांखाली दडवलेला असे. पुढे १९९५-९६ च्या सुमारास उघड झाले की, या कार्यालयाकडे एक अब्जाहून अधिक डॉलर न खर्चता साठून राहिले होते आणि त्याची नीट कल्पना वरिष्ठांनाही नव्हती. सरंजामाचा रोग लोकशाहीलाही जडू शकतो, तो असा.

आपल्याकडे या कथेचा आरंभ १९६२ सालचा. त्या वर्षी अणुशक्ती खात्याच्या छायेखाली, विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली, अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे तिचे सदस्य-सचिव होते. केरळातील थुंबा येथील जागेच्या निवडीत त्यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात, चीनच्या आक्रमणानंतर, यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. १९६४ ते १९६९ या काळासाठी संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आखली गेली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. तिचा आकडा सुमारे ५,००० कोटी रुपयांचा होता.

म्हणजे देशाला शस्त्रास्त्रांची निकड सर्वांत अधिक भासत होती, त्याच वेळी अवकाशाचे काम संरक्षण खात्याबाहेर सुरू झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबाहून उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकन होता. फ्रान्स व रशिया यांनीही साहाय्य केले आणि १९६८ च्या फेब्रुवारीत ते केंद्र संयुक्त राष्ट्रांच्या नावे अर्पण झाले. हेच काम लष्कराच्या खात्यावर असते, तर ही दारे उघडली असती असे आम्हांस वाटत नाही.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘इस्रो’ स्थापन झाली. जून १९७२ मध्ये अवकाश आयोग आणि स्वतंत्र अवकाश खाते निर्माण होऊन ते पंतप्रधानांच्या अखत्यारीत गेले. योगायोग असा की, त्या वेळी देशाचे अर्थमंत्री यशवंतरावच होते. एकेकाळी संरक्षणाची थैली सांभाळलेल्या मंत्र्याच्याच काळात अवकाशाचा खर्च संरक्षणापासून वेगळ्या मागणीखाली लोकसभेपुढे येऊ लागला.

खाती वेगळी असली तरी विद्या वेगळी नसते. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर यांनी घन इंधनाचे तंत्र थुंबाला रुजवले, आणि १८ जुलै १९८० रोजी ‘एस.एल.व्ही.-३’ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा तेथील विक्रम साराभाई केंद्राचे ते संचालक होते. त्या वाहनाचे प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम १९८२ साली संरक्षण संशोधन संस्थेत गेले. पुढच्याच वर्षी क्षेपणास्त्रांचा एकत्रित कार्यक्रम मंजूर झाला, ३८८ कोटी रुपयांचा आणि तो संरक्षण खात्याच्या नावे. २२ मे १९८९ रोजी उडालेल्या ‘अग्नी’चा पहिला टप्पा एस.एल.व्ही.-३ च्या पहिल्या टप्प्यावर बेतलेला होता. माणूस गेला, त्याच्याबरोबर विद्या गेली. पण खर्च ज्याच्या त्याच्या खात्यावर राहिला.

जगाने ही विभागणी सदैव मानली असे नाही. १९९२ साली रशियाकडून अतिशीत इंजिनांचे तंत्र घेण्याच्या करारावरून अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादलेच.

कारगिलनंतर चित्र पालटू लागले. २००१ साली अवकाश खात्याने ‘तंत्रज्ञान प्रयोग उपग्रह’ सोडला; त्याच्या कॅमेऱ्याला सुमारे एक मीटर लांबीची वस्तू वेगळी दिसत असे. २०१३ साली नौदलासाठी आणि २०१८ साली हवाईदलासाठी दळणवळणाचे उपग्रह गेले. २७ मार्च २०१९ रोजी आपण आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने पाडून दाखवला, आणि त्याच वर्षी तिन्ही दलांची संरक्षण अवकाश संस्था बंगळूरला उभी राहिली. मार्च २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भूदलासाठीच्या उपग्रहाचा २,९६३ कोटी रुपयांचा करार अवकाश खात्याच्याच व्यापारी कंपनीशी केला. म्हणजे लष्कर आता गिऱ्हाईक झाले आहे. ही व्यवस्था आम्हांस चांगली वाटते; कारण गिऱ्हाइकाला किंमत मोजावी लागते, आणि मोजलेली किंमत कोठे तरी लिहिली जाते.

लष्कराची गरज वेळीच मांडली गेली नाही तर काय होते, तेही पाहावे. २००५ साली अवकाश खात्याच्या ‘अँट्रिक्स’ने ‘देवास’ या खाजगी कंपनीशी उपग्रहाच्या लहरींबाबत करार केला. २०११ च्या फेब्रुवारीत सेनादलांच्या गरजेचे कारण देऊन सरकारने तो रद्द ठरवला. महालेखापरीक्षकांनी २०१२ साली त्या कराराच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, आणि लवादाने २०१५ मध्ये अँट्रिक्सच्या विरुद्ध ५६ कोटी डॉलरांहून अधिक भरपाईचा निवाडा दिला. पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीच्या कारणावरून त्या कंपनीचे विसर्जन २०२२ साली कायम केले. परंतु ज्या लहरींची सेनेला गरज होती, त्या सहा वर्षे कागदावर दुसऱ्याच्या होत्या, ही गोष्ट उरतेच.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात अवकाश खात्याला १३,४१६ कोटी रुपये होते आणि संरक्षणाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी. पन्नासास एक असे हे प्रमाण. अवकाश खात्याची मागणी संसदेची विज्ञानविषयक समिती तपासते, संरक्षणाची मागणी दुसरी समिती. लष्करी अवकाशाचा खर्च या दोहोंमध्ये विभागलेला आहे.

खाती एक करा, असे आमचे म्हणणे नाही. ती वेगळी राहिल्यानेच या देशाला जगाचे साहाय्य व विश्वास लाभला. कोणता उपग्रह काय पाहतो, हे गुप्त राहिलेच पाहिजे. परंतु लष्करी अवकाशावर वर्षाला एकूण किती रुपये लागले, ती एक बेरीज दरवर्षी संसदेपुढे एकत्र मांडली जावी. तिने शत्रूला फारसे काही कळणार नाही. आपल्याला मात्र कळेल. पुढल्या वेळी आपले खासदार गावात येतील तेव्हा रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर ही एक मागणीही त्यांच्या कानावर घालावी, एवढीच श्रोत्यांना आमची विनंती आहे.