राख की खत? 'ह्यूमस' या शब्दाची गोष्ट



जुन्या आंब्याखालचा पाचोळा बाजूला सारा आणि मातीत हात घाला. काळसर, भुसभुशीत माती लागते. पान कुठलं, काडी कुठली, काही ओळखू येत नाही. हिला म्हणायचं काय? शाळेच्या पुस्तकात 'कुथित मृदा' असा शब्द आहे. संस्कृतात 'कुथ्' म्हणजे कुजणे. शेतीखात्याची माणसं 'ह्यूमस' म्हणतात. हा शब्द लॅटिन, त्याचा मूळ अर्थ नुसता 'जमीन, माती'. आपण आपलं म्हणतो, खत मुरलंय!

कोकणात पाल्याला पूर्वापार दोन वाटा. एक गोठ्यातून उकिरड्यावर, दुसरी राबावर. कवळं तोडायची, शेण-पाला पसरून भाजावळ करायची, मग तरवा पेरायचा. सरकारने बोलावलेले इंग्रज रसायनतज्ज्ञ डॉ. व्होएल्कर यांच्या 1893 च्या अहवालातही राबाची चर्चा आहे. भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, हे खरं. पण पाल्यातला बहुतेक कर्ब आणि नत्र धुरावाटे निघून जातो. ह्यूमस मात्र होत नाही.

दुसरी वाट शास्त्रशुद्ध केली ती इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड 1905 साली हिंदुस्थानात आले. इंदूरच्या संस्थेत त्यांनी यशवंत वाड यांच्यासह काडीकचरा कुजवण्याची रीत बसवली. दोघांचं पुस्तक 1931 साली निघालं. शेतीतला टाकाऊ माल ह्यूमस म्हणून कसा वापरावा, हाच त्याचा विषय. पाला, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, तीनदा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत खत तयार. हीच 'इंदूर पद्धत'.

आता म्हणाल, रत्नागिरीला याचं काय? आपली जमीन जांभ्याची, आम्लधर्मी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. या मातीची अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद मुळात कमी. घातलेलं खत पाण्याबरोबर वहाळाला जातं, आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियममध्ये अडकून पडतं. अशा जमिनीत ओल आणि अन्न धरून ठेवण्याचं काम बरंचसं ह्यूमसच करतो. म्हणून पाला जाळला की आपलीच पेव रिकामी होते.

तेव्हा एवढं करा. राब सोडवत नसेल तर तो तरव्यापुरताच ठेवा. बागेतला पाचोळा पेटवू नका, आळ्यात पसरा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून खत नासतं, म्हणून उंचवट्यावर ढीग रचा आणि वर झावळ्यांचं छप्पर करा.

नाव कुथित मृदा घ्या नाहीतर ह्यूमस. ती शेतात राहिली पाहिजे, धुरात जाता कामा नये.