इंधनाची रुजुवात

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव ज्या काळी तगर या नावाने सागरापलीकडे परिचित होते, त्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे की, भडोचपासून दक्षिणेस पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असून तेथून पूर्वेस तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर आहे, आणि तेथील माल गाड्यांवर लादून बिकट मार्गांनी भडोचच्या बंदरास पोहोचतो. अंतर दिवसांनी सांगण्याच्या या रीतीत वाटेची लांबी आणि बैलांचे श्रम एकाच शब्दात सांगितले जात. रस्ता निराळा मोजावा, खर्च निराळा मोजावा आणि मग एकास दुसऱ्याने भागावे, ही कल्पना या मुलखात पुष्कळ उशिरा आली.

1853 च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबासह धाराशिवचा मुलूख निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, आणि 1860 मध्ये तो परत होईपर्यंतच्या अल्पावधीतील चार वर्षे मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गच्या किल्ल्यात मुक्काम ठेवून येथील कारभार पाहत होता. रस्ते आणि मोजणी ही त्याच्या आस्थेची कामे. त्या काळच्या मोजणीदारांजवळ लांब दांड्याचे एक चाक असे. ते ढकलीत चालावे आणि चाकाच्या फेऱ्या मोजणाऱ्या काट्यावरून मैल नोंदवावेत, अशी वहिवाट होती. आजच्या मोटारीतील किलोमीटरचा आकडाही चाकाच्या फेऱ्यांवरूनच निघतो, आणि म्हणून त्या जुन्या चाकाचे गुणदोष त्याने वारशाने घेतले आहेत.

पुढे 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेने 27 मोटारी घेऊन संस्थानात प्रवासी वाहतूक सुरू केली. मैल आणि गॅलन यांचा तो अंमल. गॅलनला तीस मैल, असे जो मोटारमालक अभिमानाने सांगे, त्याची मोटार आजच्या हिशेबाने लिटरला जेमतेम साडेदहा किलोमीटर धावत होती. 1956 च्या कायद्याने दशमान मापे आली, त्याच वर्षी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि मैल, गॅलन, संस्थान ही सारी थोड्याच वर्षांच्या अंतराने दप्तरांतून नाहीशी झाली.

परंतु या हिशेबाला खरी शिस्त लावली ती एस.टी.ने, असे माझे स्पष्ट मत आहे. तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा येथील आगारांत ‘केपीटीएल’ हा शब्द चालक-वाहकांच्या नित्य बोलण्यात असतो. त्याचा अर्थ दहा लिटरमागे किलोमीटर. फेरी संपवून गाडी आगारात आली की डिझेल भरावयाचे, किती लिटर गेले ते वहीत मांडावयाचे, आणि त्या फेरीचे किलोमीटर त्यापुढे ठेवून भागाकार करावयाचा. सहा-सहा किलोमीटरचे टप्पे पाडून ज्या मार्गाचे भाडे आकारले जाते, त्या मार्गाचे अंतर आधीच ठरलेले असल्यामुळे गाडीतील काटा काय म्हणतो यावर सर्वस्वी विसंबण्याचे कारण उरत नाही. नोंद एकाने ठेवावी आणि रुजुवात दुसऱ्या दाखल्याने व्हावी, हे जमाबंदीच्या दप्तरातील तत्त्व येथे डिझेलच्या टाकीला लागू झालेले दिसते.

हल्लीच्या मोटारींत हा भागाकार करण्याचे काम यंत्राने आपल्याकडे घेतले आहे, आणि समोरच्या पडद्यावर लिटरला इतके किलोमीटर, असा आकडा दशांश चिन्हासह झळकतो. त्या दशांश चिन्हामुळेच तो आकडा निर्विवाद वाटतो. वस्तुतः यंत्र पेट्रोल मोजीतच नाही. इंजेक्टरचे तोंड एका सेकंदाच्या किती हजारांश भागाइतके उघडे राहिले ते मोजून, तितक्या अवधीत इतके इंधन गेले असावे, असे ते गृहीत धरते. अंतराचेही तसेच: तीनशे मिलिमीटर त्रिज्येचे चाक सहा मिलिमीटरने झिजले, तर तेवढ्याच रस्त्यावर त्याच्या फेऱ्या वाढतात आणि काटा शंभरामागे दोन किलोमीटर अधिक दाखवू लागतो. गृहीते दोन, आणि दोन्हींच्या चुका एकाच दिशेच्या असल्या तर पडदा मालकाला फार गोड बोलतो. पुण्याच्या एआरएआय या 1966 साली स्थापन झालेल्या संस्थेतील चाचणीचा आकडाही प्रयोगशाळेतील रुळांवर धावलेल्या गाडीचा असतो. तुळजापूरचा घाट त्यात कोठून येणार?

म्हणून टाकी फुल्ल करून ॲव्हरेज काढण्याची जुनी रीत मला आजही प्रमाण वाटते. सोलापूरहून तुळजापूरकडे येताना चढ लागतो, तेव्हा एकेरी फेरीवरून निर्णय करू नये. जाऊन-येऊन हिशेब धरावा. महामार्गावरील सलग दहा-वीस किलोमीटरचे दगड काट्याशी ताडून पाहावेत. पंप एकच असावा, शक्य तर नळीही तीच, आणि नळी आपोआप बंद झाली की आणखी पेट्रोल घालण्याचा मोह टाळावा. समजा, पडद्याने लिटरला 20 सांगितले आणि 400 किलोमीटरनंतर टाकीत 21.6 लिटर मावले, तर खरे ॲव्हरेज साडेअठराच होय. अशा तीन-चार टाक्यांचा हिशेब एकत्र केला म्हणजे एखाद्या वेळी कमीजास्त भरलेल्या घोटाचा दोष विरून जातो.

पंपाच्या मापाविषयीच शंका असली, तर वैधमापन खात्याची मोहर असलेले पाच लिटरचे माप पंपावर ठेवलेलेच असते, आणि ते मागण्याचा प्रत्येक ग्राहकास अधिकार आहे. निमुळत्या मानेचे ते भांडे सपाट जागी ठेवतात, पेट्रोल सोडतात, वर आलेला फेस हळूहळू बसतो, आणि मानेवरच्या काचेत पातळी रेघेपाशी येऊन थांबते. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याने क्षम्य मानला आहे. तेवढी तपासणी झाली की भांड्यातले पेट्रोल गाडीत ओतून घ्यावे, काट्यावरील किलोमीटर वहीत टिपावेत आणि नळदुर्गच्या वाटेला लागावे.