राणीच्या राज्यातली हुरहूर

आंबिवलीहून आम्ही बोलतोय. मागून गाडीचा आवाज आला तर सांभाळून घ्या. स्टेशन जवळ आहे आणि कसाऱ्याची लोकल काही आपल्यासाठी थांबत नाही.

आजचा विषय एका रुपयावरून निघाला. गटातल्या एका आजींनी बैठकीत ट्रंकेतला राणीछाप रुपया आणून दाखवला, त्यांच्या सासूच्या वेळचा. सगळ्याजणींनी हातात घेऊन बघितला. एका पोरीने विचारलं, "आजी, ही बाई हसत का नाही?" आम्ही तेव्हा हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. मग वाचनालयातून पुस्तकं आणली, एकमेकींना वाचून दाखवली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर बसली आणि १९०१ साली वारली. १८६१ च्या डिसेंबरात तिचा नवरा अल्बर्ट गेला. त्यानंतर पुढची चाळीस वर्षं ती काळ्याच कपड्यांत राहिली. अर्ध्या जगाची मालकीण, पण दुःखावर तिचाही हुकूम चालला नाही. त्या दिवसांत तिला आधार झाला तो एका कवितेच्या पुस्तकाचा. ते लिहिणाऱ्या टेनिसनला तिने १८६२ साली मुद्दाम भेटीला बोलावलं.

हा टेनिसन १८०९ चा जन्म. बाप धर्मोपदेशक, पण तापट आणि दारूच्या आहारी गेलेला. घरातच उदासीचा आजार होता. एक भाऊ तर वेड्यांच्या इस्पितळात राहिला आणि तिथेच संपला. टेनिसनचा जिवलग मित्र आर्थर हॅलम १८३३ मध्ये व्हिएन्नाला अचानक गेला, अवघ्या बाविसाव्या वर्षी. त्याचं लग्न टेनिसनच्या बहिणीशी ठरलेलं होतं. म्हणजे एका मरणाने भाऊ आणि बहीण दोघांनाही रितं केलं. त्या मित्रासाठी टेनिसन थोडं थोडं करत जवळजवळ सतरा वर्षं लिहीत राहिला आणि १८५० साली ते पुस्तक छापलं. सतरा वर्षं! आपल्याकडे तेरावं झालं की लोक म्हणतात, आता पुरे, कामाला लाग.

त्या काळच्या इंग्रजी कवितेत ही खिन्नता फार. इंग्लंडात तेव्हा कारखाने आले, आगगाडी आली, गावं ओस पडली, शहरं धुराने भरली, जुन्या श्रद्धा डळमळल्या. माणसाकडे वस्तू वाढल्या आणि आतून काहीतरी हरवलं. नेमकं काय हरवलं ते सांगता येईना, म्हणून कवी ते कल्पनेत शोधू लागले. टेनिसनने एक बाई रंगवली आहे. ती मनोऱ्यात बसून विणते. बाहेरचं जग तिने फक्त आरशात बघायचं, खिडकीतून थेट बघितलं तर शाप. हे वाचून झाल्यावर आमच्यातली एकजण म्हणाली, "मग माझं काय वेगळं होतं? लग्नानंतर पाच वर्षं मीही गाव दाराच्या फटीतूनच बघितलं."

आपल्या भाषेत या भावनेला किती शब्द आहेत बघा. हुरहूर वेगळी, रुखरुख वेगळी, चुटपुट वेगळी. मनात काहूर उठतं ते आणखी वेगळं. आणि 'करमत नाही' हे तर रोजचंच. एवढे शब्द ज्या बायांनी जपले, त्यांना उदासी कळत नव्हती असं कोण म्हणेल?

आता ही विलायतेची कविता ठाण्यापर्यंत आली कशी ते सांगतो. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर नावाचे एक डॉक्टर होते. १८४९ चा जन्म, सरकारी वैद्यकीय सेवेत मोठ्या हुद्द्यावर. ठाण्यात ते सिव्हिल सर्जन होते. डॉक्टर, पण जीव झाडपाल्यात आणि कवितेत. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बसू यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली बाहेर पडला. वैदू लोक आजही ज्या झाडांची नावं सांगतात, त्यांची शास्त्रशुद्ध नोंद त्यात आहे. याच कीर्तिकरांनी १८८४ साली टेनिसनच्या एका लांब काव्याचं मराठी रूपांतर केलं. नाव ठेवलं 'इंदिरा'.

मूळ काव्य १८४७ चं. गोष्ट अशी. एका राजकन्येचं लग्न लहानपणीच ठरवून टाकलेलं असतं. मोठी झाल्यावर ती म्हणते, मला हे लग्न नको. ती बायकांसाठी विद्यापीठ काढते. तिथे पुरुषाला बंदी, आत आला तर मरण. तो ठरवलेला नवरा दोन मित्रांना घेऊन बायकांच्या वेषात आत शिरतो आणि पकडला जातो. पुढे लढाई होते, तो जखमी होतो, विद्यापीठाचं इस्पितळ होतं आणि राजकन्या त्याची शुश्रूषा करता करता विरघळते. शेवट आम्हाला पटला नाही, हे आम्ही सरळ सांगतो. एवढं विद्यापीठ उभं केलं ते काय याच्यासाठी?

पण ही गोष्ट मराठीत आली ते साल बघा. त्याच १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंवर नवऱ्याने कोर्टात दावा लावला. लहानपणी, अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न त्या मानायला तयार नव्हत्या. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. विलायतेतल्या कवीने कल्पनेत जे रचलं, ते इथली एक खरी मुलगी कोर्टात जगत होती. पुढे त्या डॉक्टर झाल्या, आणि त्यांचा शेवट टेनिसनच्या राजकन्येसारखा झाला नाही.

आपल्या शेजारचीच दुसरी गोष्ट. आनंदीबाई जोशी, जन्म १८६५, कल्याणचा. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. जवळ नीट औषधपाणी नव्हतं. त्या दुःखातून त्या पोरीने मनात एक चित्र बघितलं, बाईला तपासणारी बाई डॉक्टर. तिने तशी आपली बाई कधी पाहिलेली नव्हती, कारण ती नव्हतीच. १८८३ साली ती बोटीने अमेरिकेला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आम्ही कल्याणच्या बाजारात भाजी आणायला जातो, तेव्हा या मुलीची आठवण कुणाला होते? आम्हालाही होत नव्हती.

परत त्या काव्याकडे येतो, कारण त्यातली एक जागा आम्हाला टोचली. विद्यापीठातली एक मुलगी गाणं म्हणते. शरद ऋतूतली भरली शेतं बघताना उगाच डोळ्यांत पाणी येतं, कारण कळत नाही, गेलेले दिवस आठवतात, असं ते गाणं. राजकन्येला राग येतो. असल्या गाण्यांना कान बंद करावेत, पुढे बघावं, असं तिचं म्हणणं.

हे वाचून आम्ही गप्प झालो. आमच्या गटात हेच घडलं होतं. आमच्यातल्या एकीची आई वारली. दोन महिन्यांनी हिशोबाच्या बैठकीत, हप्त्यांची बेरीज चालू असताना, ती एकदम रडायला लागली. आम्ही काय केलं? पाणी दिलं आणि म्हटलं, "मन कामात घाल, सगळं जाईल." वही तिच्यापुढे सरकवली. त्यानंतर तीन बैठका ती आली नाही. आम्ही दंड लावायचा का यावर बोललो, पण ती का येत नाही हे विचारायला कुणी गेलं नाही.

असो. कीर्तिकरांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच डॉक्टर. तिथे धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे कविता म्हणायला उभा राहिला. ऐकून कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. शाळेत आपण सगळ्याजणी श्रावणाची कविता शिकलो ना, ती याचीच. पण पुस्तकातले बालकवी म्हणजे फुलं, झरे, ऊन. त्याच माणसाने 'औदुंबर' लिहिली, 'पारवा' लिहिली. पाण्याकाठचं एकटं झाड, पडक्या जागी घुमणारा पक्षी. आनंद लिहिणारा हात आणि खिन्नता लिहिणारा हात एकच.

नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी त्याला आसरा मिळाला. लक्ष्मीबाई टिळकांनी त्याला लेकरासारखं सांभाळलं. लक्ष्मीबाई म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. नवऱ्याने धर्म बदलल्यावर पाच वर्षं ताटातूट सोसली. पुढे सगळं लिहून काढलं ते असं, की वाचताना हसू आणि रडू एकदमच येतं. उदास माणसाला उपदेश न करता दोन घास वाढणारी अशी एक बाई प्रत्येक गावात असते.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. वय सत्तावीस. नकाशा काढून बघितला, तर मुंबईहून भादलीला जाणारी लाइन आपल्या आंबिवलीतूनच जाते. कल्याण ते वाशिंद हे रूळ पडले १८५५ साली, राणीच्याच राज्यात. इतकी वर्षं आम्ही फाटकाशी ताटकळत त्या गाड्यांना शिव्या देत आलो.

मग आम्हाला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. तिकडे टेनिसन लिहीत होता, तेव्हा आपल्या आज्या-पणज्या पहाटे दळता दळता हेच गात होत्या. माहेर, भाऊ, मेलेली आई, न बोललेलं दुःख. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या बायांना कुणी कवी म्हटलं नाही, कुठल्या संमेलनात पदवी दिली नाही. चक्की आली, जातं गेलं, हात सुटला तसा गळाही सुटला. चक्कीला आमचा विरोध नाही, खांदे आमचेच दुखायचे. पण दळतानाचा तो एक तास, जेव्हा रडलं तरी कुणी विचारत नव्हतं, तो मात्र कुठेच राहिला नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही चौघीजणी त्या मैत्रिणीच्या घरी गेलो. हिशोबाची वही नेली नव्हती. चहा झाला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिनेच माळ्यावरून आईच्या जात्याची वरची तळी खाली काढायला लावली. खुंटा तुटलेला होता. ती पुसत बसली, आणि पुसता पुसता हळू आवाजात गायला लागली. दोन ओव्या आईच्या होत्या. तिसरी आम्ही कुणीच ऐकलेली नव्हती. आम्ही विचारलं, ही कुणाची? ती म्हणाली, "आत्ताच झाली."

रेडिओवर ती म्हणशील का, असं आम्ही विचारलं आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही.