दादर-माटुंगा परिसरातील तंत्रशिक्षण आणि गिरणी कामगार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मुंबईतील तंत्रशिक्षणाचा इतिहास सामान्यतः संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कौशल्यापर्यंत कोणाला पोहोचू दिले गेले, हा प्रश्न त्यात बहुधा मागे पडतो. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 1887 मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (1997 पासून वीरमाता जिजाबाई) ही संस्था या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. 1896 च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात नवी वस्ती आखली. तेथे 1923 मध्ये ही संस्था भायखळ्याहून आली. परळ-लालबागच्या गिरण्या तिच्यापासून फार दूर नव्हत्या.

हे अंतर मैलांत मोजता येत नाही. संस्थेतून गिरण्यांना खातेप्रमुख आणि तंत्रज्ञ मिळाले. सर्व वरच्या जागा लँकेशायरच्या गोऱ्यांकडेच राहाव्यात ही स्थिती त्यामुळे बदलू लागली, हे तिचे कार्य निर्विवाद होय. परंतु प्रवेशासाठी शालेय शिक्षण आणि इंग्रजी लागे. रत्नागिरीहून आलेला तरुण मात्र साचा चालविणे शिके तो गाववाल्याच्या किंवा नातलगाच्या शेजारी उभा राहून, बदली म्हणून, आणि जॉबरच्या मर्जीने. स्त्रियांच्या वाइंडिंग खात्यात हीच सत्ता नायकिणीकडे असे.

ही अनौपचारिक शाळा सर्वांना खुली नव्हती. धोट्यात नवी कांडी घातल्यावर सूत तोंडाने ओढावे लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात घेतले जात नसे, आणि विणकराची तुलनेने चांगली मजुरी त्यांना मिळत नसे. 1928 च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. (ज्यांनी भांडवलशाहीविरुद्ध लढा पुकारला होता, त्यांच्यापुढेच तो ठेवावा लागला, हे विसरता येत नाही.) पुढे दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहात राहावयास गेलेल्या आंबेडकरांनी ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयला निवेदन सादर केले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या, तसेच सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखान्यांत उमेदवारीची सोय, अशा मागण्या त्यात होत्या. खात्यातील दार बंद असेल तर शासनाने दुसरे दार उघडावे, असा त्यामागील विचार दिसतो.

स्वातंत्र्यानंतर 1950 च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले, आणि 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला. ही दोन्ही पावले मुख्यतः नव्या मुलांसाठी होती. साच्यावर वीस वर्षे काढलेल्या विणकराला त्यांतून प्रमाणपत्र मिळण्याचा मार्ग नव्हता.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, तेव्हा या उणिवेची किंमत कळली. कामगाराचे कौशल्य त्याच्या हातात होते, कागदावर नव्हते. दुसऱ्या उद्योगाच्या दारात तो अकुशल ठरला. अनुभवातून मिळालेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद केंद्रीय कौशल्य विकास योजनेत 2015 च्या सुमारास आली. तोपर्यंत गिरणगावातील बहुतेक साचे भंगारात गेले होते.