नमद्याआडचा पियानो : एका घरगुती ध्वनिमुद्रणाचा ऐतिहासिक विचार

जर्मन पियानोवादक निल्स फ्राम यांचा ‘फेल्ट’ हा ध्वनिमुद्रित संग्रह इ. स. २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्राम यांनी बालपणी नाउम ब्रोडस्की यांच्याकडे अभिजात वादनाचे शिक्षण घेतले होते. ब्रोडस्की हे चायकोव्स्कीच्या शिष्यपरंपरेतील गणले जातात. हा संग्रह मात्र सभागृहात नव्हे, तर बर्लिनमधील राहत्या घरच्या स्टुडिओत आकारास आला. रात्री वाजविताना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून फ्राम यांनी तारांसमोर लोकरीचा नमदा, म्हणजेच फेल्ट, घातला. स्वर इतका मंदावला की तो टिपण्यासाठी मायक्रोफोन पियानोच्या पोटात, तारांना जवळजवळ टेकतील असे ठेवावे लागले. परिणामी हातोड्यांची हालचाल, वादकाचा श्वास, जमिनीच्या फळ्यांची करकर हेही मुद्रित झाले आणि ते काढून टाकण्यात आले नाही.

या ध्वनीचे नावीन्य म्हणून कौतुक झाले. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ते पूर्णतः मान्य करता येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरच्या व्हिएन्नातील पियानोंमध्ये हातोडी व तार यांच्यामध्ये कापडाची पट्टी सरकविणारी ‘मॉडरेटर’ नावाची योजना होती. शूबर्टच्या काळातील वादकांना ती परिचित होती. पियानो तेव्हा दिवाणखान्यातील वाद्य होता. पुढे सभागृहे वाढली आणि वाद्याला मोठ्या आवाजाची गरज भासू लागली. बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉक यांनी १८२५ मध्ये ओतीव लोखंडाच्या अखंड चौकटीचे एकस्व घेतले. १८५९ मध्ये स्टाइनवे यांनी ग्रँड पियानोतील तारांची एकमेकींवरून जाणारी रचना एकस्वाने सुरक्षित केली. आजच्या मोठ्या पियानोतील तारांचा एकत्रित ताण सुमारे वीस टन भरतो. या वाटचालीत मॉडरेटर मागे पडला. घरगुती उभ्या पियानोच्या मधल्या पायपट्टीत, केवळ सरावाची सोय म्हणून, तो उरला. दुय्यम मानल्या गेलेल्या या सोयीला फ्राम यांनी रचनेचे मूलद्रव्य केले, हे त्यांचे खरे कार्य होय.

तथापि या जवळिकीचे स्वरूप तपासले पाहिजे. आपल्याकडील खासगी बैठकीशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु बैठकीत समोरचा श्रोता दाद देतो आणि गायकाची दिशाही बदलतो. येथे वादक एकटा आहे. श्रोत्याला जाणवणारे सान्निध्य मायक्रोफोनने निर्माण केलेले आहे. प्रत्यक्ष त्या खोलीत बसलेल्यालाही हातोड्यांचा आवाज इतक्या जवळून ऐकू आला नसता. ज्या स्वराला सभागृहासाठी मोठे व्हावे लागले होते, त्याला विद्युत्-यंत्राने पुन्हा लहान राहण्याची मुभा दिली.

२०१३ च्या ‘स्पेसेस’ या संग्रहात ‘फेल्ट’मधील काही रचना पुन्हा येतात, परंतु जाहीर मैफलींतील ध्वनिमुद्रणांतून. त्याच संग्रहातील एका उत्स्फूर्त वादनाच्या शीर्षकात श्रोत्यांचे खोकणे व मोबाइल फोन यांचा स्पष्ट उल्लेख आहे.