तोतया पत्र : हुंडीपासून संगणकीय टपालापर्यंत

नाशिकरोडलगतचे एकलहरे हे गाव औष्णिक वीजकेंद्रामुळे सर्वपरिचित आहे. त्याच परिसरात १९२५ साली भारत प्रतिभूती मुद्रणालय स्थापन झाले, व तीन वर्षांनी चलनी नोटांचे मुद्रणालय उभे राहिले. कागद खरा की खोटा हे जलचिन्हावरून व छपाईवरून ठरविण्याची विद्या या भूमीत जणू घरचीच होय. तरीही २००१ साली अटक झालेल्या अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांकांनी अनेकांना फसविले. आज पैशाच्या व्यवहारातून कागदच नाहीसा होत चालला असल्याने सावकाराच्या नावाने आलेले पत्र पारखावयाचे कसे, आणि फसगत झाल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, हे दोन प्रश्न नव्याने उपस्थित झाले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा ऐतिहासिक अंगाने विचार करावयाचा आहे.

दुसऱ्याचे नाव धारण करून वावरणाऱ्यास मराठीत ‘तोतया’ हा नेमका शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून प्रकट झालेल्या इसमाने १७७६ साली कोकणात मोठेच बंड माजविले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्यास देहांत शासन झाले. लोक त्याच्यामागे गेले ते केवळ भोळेपणाने नव्हे. भाऊसाहेब जिवंत असावेत अशी त्यांची इच्छाच होती. बँकेच्या नावाने येणारे तोतया पत्रही वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेल्या आशेस किंवा भीतीस हात घालते. खाते गोठविले जाईल ही भीती, कराचा परतावा मिळणार ही आशा. २०२२ च्या सुमारास ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असे खोटे संदेश राज्यात पसरले, तेव्हा एकलहऱ्याच्या धुराड्यांच्या सावलीत राहणाऱ्यासही क्षणभर ते खरे वाटावेत अशी त्यांची रचना होती.

सराफी पेढ्यांना हा धोका अपरिचित नव्हता. हुंडीत रक्कम एकदाच लिहून भागत नसे. तिची निमपट सांगून ‘त्याची दुप्पट’ असाही उल्लेख करीत, म्हणजे आकड्यात फेरफार करणे कठीण जाई. मूळ हुंडी गहाळ झाल्यास पैठ, तीही हरवल्यास परपैठ लिहून देत, व रक्कम चुकती झालेली हुंडी ‘खोका’ म्हणून जपून ठेवीत. याहून महत्त्वाचे म्हणजे हुंडी लिहिणारा आपल्या आडत्यास निराळे सूचनापत्र धाडीत असे. हुंडी एका हाताने येई, तिची वर्दी दुसऱ्या वाटेने येई, आणि दोहोंचा मेळ बसल्यावाचून सावध सराफ थैली सोडीत नसे. शहाजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत, मागाहून हुंडी बनावट ठरली, तर रक्कम व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्या शहावर पडे. (पत असलेल्याचा वाचक असा हा ‘शहाजोग’ शब्द पुढे साळसूदपणाचा आव आणणाऱ्यास लावला जाऊ लागला, हा भाषेने केलेला मार्मिक शेरा म्हणावा लागेल.)

संगणकीय टपालाची व्यवस्था जेव्हा सिद्ध झाली, तेव्हा तिच्यात अशी दुसरी वाट ठेवलेली नव्हती. १९८२ च्या मूळ संकेतानुसार प्रेषकाचे नाव हे पाकिटाच्या पाठीवर कोणीही लिहावे तसे असते; त्याची शहानिशा करणाऱ्या पद्धती बऱ्याच मागाहून आल्या, आणि त्याही सर्वत्र सारख्या पाळल्या जात नाहीत. सबब पत्रावरील बोधचिन्ह, सुबक भाषा किंवा प्रेषकाचे नाव यांस पुरावा मानता येत नाही. पत्ता मात्र वाचता येतो, आणि तो वाचण्याची रीत मराठी माणसास नवी नाही. आपण मुक्काम, तालुका, जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे लिहीत जातो. संकेतस्थळाचे नावही तसेच असते. ‘मु. नाशिक’ असे लिहून पुढे भलताच तालुका व परका जिल्हा घातला, तर ते गाव गोदाकाठचे नाशिक होत नाही. त्याचप्रमाणे बँकेचे नाव आरंभी आणि अनोळखी नाव शेवटाकडे असेल, तर मालकी त्या शेवटच्या नावाची होय. पत्रातील दुव्यावर अक्षरे एक व अंतस्थ पत्ता निराळा असू शकतो, हेही ध्यानात घ्यावे. सूचनापत्राची जागा आज ग्राहकानेच भरून काढावयाची आहे. पत्रात दिलेल्या क्रमांकावर चौकशी न करता पासबुकावरील किंवा कार्डामागील क्रमांकावर ती करणे, ही त्याची दुसरी वाट. गुप्त संकेतांक तर खरी बँक पत्राने मागतच नाही.

नुकसानीच्या प्रश्नाचा निर्णय आपल्या राज्यात २०१३ साली एका प्रकरणात झाला. पुण्याच्या एका उद्योगसंस्थेच्या चालकाने अशा पत्रास उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये न्यायनिर्णय करणाऱ्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी ग्राहकाचाही दोष मानला. परंतु ठकांनी उघडलेल्या खात्यांची नीट तपासणी न झाल्याबद्दल बँकेस ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. आमच्या मते या निर्णयात शहाजोग हुंडीचेच तत्त्व अजाणता अवतरले आहे : पैसा ज्याच्या हातून ठकास पोचला, त्याने त्या ठकाची ओळख पटवून घेतली होती काय, हा प्रश्न तेथे विचारला गेला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा रोख किंचित वेगळा आहे. ग्राहकाने आपला संकेतांक दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे, व कळविल्यानंतरचे बँकेचे, अशी विभागणी त्यात केली गेली. त्यामुळे वर्दी देण्यातील प्रत्येक तासाला किंमत आली. १९३० हा मदत क्रमांकही त्याच निकडीतून आला आहे.

२०२५ साली रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांकरिता ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र नामप्रदेश राखून ठेवला, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यात स्थलांतर करण्यास बँकांना सांगितले. सराफ कट्ट्यावर पत असलेल्यांनाच बसू द्यावे, तसाच हा प्रकार होय. परंतु भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर बहुधा प्रेषकाचे केवळ नाव दिसते. पत्ता त्याच्याआड दडलेला असतो, आणि तो उघडून पाहावा लागतो.